नारूचा उन्हाळा

आंबे पाडाला लागले की माझा डावा घोटा खाजायला लागतो. खरं म्हणजे खाजण्यासारखं तिथं आता काही उरलेलं नाही. जखम भरून वर्षं लोटली. वर ताणलेली गुळगुळीत कातडी आणि करवंदाएवढा एक खड्डा, एवढंच शिल्लक आहे. ज्या शास्त्राचा मी पगार खातो तेही हेच सांगतं. तरी चैत्र अर्धा सरला, उन्हाचा पिवळेपणा जाऊन त्याला पांढरी धार आली, की मी बूट काढतो, मोजा खाली सरकवतो, आणि घोट्याला नख लावण्याआधी दाराकडे बघून घेतो. कोणी येत तर नाही ना.

यंदाही सुट्टीला रेवदंड्याला आलो आहे. मुंबईच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा वास अजून बोटांना आहे. इथं मात्र सगळ्या घरांवर खाडीचा वारा आणि सुकत्या बोंबलांचा वास. शेजारच्या अंगणात कोकमाच्या सोली वाळत पडल्या आहेत. लांबून पाहिलं तर कोणी जास्वंदीच्या पाकळ्या सांडल्यात असं वाटावं. विहिरी खोल गेल्या आहेत. रहाटाचा आवाज लांबतो आहे, आणि घागर पाण्याला लागेपर्यंत बायका गप्प उभ्या राहताहेत. लोकांना हा मोसम फणसाचा, लग्नांचा, पाहुण्यांचा. मला तो लाजेचा.

नारू ज्यांनी पाहिला नाही ते सुखी. तो दोऱ्यासारखा जंत असतो, हातभर लांब. पाण्यातून पोटात जातो. वर्षभर अंगात मुकाट राहतो. पुढच्या उन्हाळ्यात बहुधा पायाला फोड आणतो आणि तिथून डोकं बाहेर काढतो. फोडाची अशी आग होते की माणूस सापडेल त्या पाण्यात पाय बुडवतो, आणि पाय पाण्यात गेला की नारू आपली असंख्य पिल्लं त्या पाण्यात सोडतो. तेच पाणी दुसरा कोणी पितो. असं हे रहाटगाडगं.

माझी आत्या माणगावच्या आतल्या अंगाला एका भातशेतीच्या गावात दिली होती. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की तिचा चेहरा मला आठवत नाही. आठवतो तो आत्याचा. अण्णा रेवदंड्याला शाळामास्तर. सुट्टी लागली की ते मला आत्याकडे पोचवत आणि शाळा उघडताना परत नेत. त्यामुळे माझ्या लहानपणाचे सगळे उन्हाळे त्या गावचे आहेत. गावात एक पायऱ्यांची बाव होती. काळ्या दगडाची, तोंडाशी रुंद, आणि खाली खाली निमुळती होत गेलेली. उन्हातून तिच्यात उतरायला लागलं की एकेका पायरीला अंग निवत जायचं. शेवाळाचा वास, भिंतीतल्या पारव्यांची घुमघुम, आणि तळाशी हिरवट काळं पाणी. बायका लुगडं गुडघ्याशी खोचून पाण्यात उभ्या राहत, पाण्यावरचा कचरा हाताने लोटत आणि हंडा भरत. आम्ही पोरं त्याच पायरीवर पाय सोडून बसायचो, ओंजळीने पाणी प्यायचो, तोंडावर मारायचो. इतकं गोड पाणी मी पुढे कुठे प्यालो नाही, असं अजून वाटतं. हे वाटणं शास्त्राला धरून नाही, पण आहे.

चैत्र-वैशाखात त्या गावच्या ओट्या-ओट्यावर माणसं पाय लांब करून पडलेली असत. घोट्याला धोत्र्याचं पान, त्यावर चिंधी, आणि चिंधीत एक काडी. काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. जाणारा येणारा विचारायचा, "किती निगाला?" पडलेला माणूस बोटांनी दाखवायचा. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, राब करायचा, नांगर दुरुस्त करायचा, नेमके तेच दिवस. आणि घरातला कर्ता आडवा. हाल होते, रडणं होतं, पण लाज नव्हती. पावसात चिखल्या होतात तसा उन्हाळ्यात नारू होतो, असंच आम्ही समजत होतो. लाज मी विलायतेत शिकलो.

विलायतेला जायचं ठरलं त्या वैशाखात निरोप घ्यायला मी आत्याकडे गेलो होतो. धर्मादाय शिष्यवृत्ती मिळाली होती. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात रोगजंतूंचं शास्त्र शिकायचं होतं. आत्याला यातलं इतकंच कळलं की पोरगा समुद्रापार जातोय आणि थंडी फार आहे. तिने नाचणीचं पीठ बांधून दिलं. निघताना मी बावेवर गेलो, सगळ्यांत खालच्या पायरीवर बसलो आणि पोटभर पाणी प्यालो. पुन्हा कधी मिळेल कोण जाणे, म्हणून जरा जास्तच.

ते शहर करड्या दगडांचं होतं. करडी घरं, करडं आभाळ, करड्या पाण्याची नदी. पहिला हिवाळा मी अंगावर असतील नसतील ते सगळे कपडे चढवून काढला. प्रयोगशाळेत मात्र मन रमलं. काचेच्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवावा, सूक्ष्मदर्शकावर डोळा टेकवावा, आणि त्या थेंबात एक सबंध बाजार भरलेला दिसावा! मी घड्याळ विसरायचो. आमच्या संग्रहालयात बरण्यांच्या रांगा होत्या. एका बरणीत, पिवळ्या पडलेल्या मद्यार्कात, पांढऱ्या दोऱ्याचं एक वेटोळं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘हिंदुस्थान, मुंबई इलाखा’. मुलं पुढे गेली; मी थांबलो. आपल्या गावचं कोणी परक्या बाजारात भेटावं तसं झालं. हसूसुद्धा आलं असेल. काचेपलीकडून तोही माझ्याचकडे बघून हसत असेल हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

तिकडचा उन्हाळा म्हणजे परीक्षा. झाडांना एकदम पालवी फुटते, संध्याकाळ संपता संपत नाही, आणि सगळी मुलं खिडक्या उघड्या टाकून घोकत बसतात. अशाच एका दिवशी मला ताप भरला, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी डाव्या घोट्यावर एक टपोरा फोड आला. वाटाण्याएवढा. आतून कोणी निखारा लावावा अशी आग. मी बादलीत थंड पाणी घेऊन पाय बुडवला. फोड फुटला, पाण्यात दुधासारखा धूर पसरला, आणि मधोमध एक पांढरं टोक दिसलं.

मला पुस्तक उघडावं लागलं नाही.

पहिली गोष्ट काय केली असेन, तर खोलीचं दार लावलं. पायाला पट्टी बांधली, वरून जाड मोजा, वरून बूट. त्या बुटात पाय घालताना डोळ्यांत पाणी यायचं. तरी मी वर्गात जाऊन बसलो. मला परीक्षेची भीती होती हे खरं, पण त्याहून मोठी भीती होती ती वासाची. माझ्या बाकावरच्या मुलाने नाक ओढलं तरी मी पाय मागे ओढून घ्यायचो. माझ्या अंगात एक जनावर आहे, आणि ते माझ्या गावाहून माझ्याबरोबर बोटीत बसून आलं आहे. तिकीट न काढता, माझ्याच कातडीखाली. एवढी इंग्रजी कॉलर, एवढा टाय, आणि आत हे.

घरमालकीण मिसेस बेल वयस्क विधवा होती. देवभीरू, टापटिपीची. एका सकाळी ती खोली झाडायला आली आणि तिला पलंगाखालची बादली दिसली.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"पाय मुरगळलाय. शेकतोय."

"थंड पाण्याने?" ती वाकली. पाण्यावर तरंगणारी पट्टी तिने पाहिली आणि झाडूचा दांडा दोन्ही हातांनी धरून ती मागे सरकली. "हे बघा, तुम्ही सभ्य मुलगा आहात. पण माझ्याकडे आणखी भाडेकरू आहेत. तुमच्या देशातला काही रोग असेल, तर तो मला माझ्या घरात नको."

"तो असा लागत नाही," मी म्हटलं. "पाणी प्यायल्याशिवाय..."

"तेच पाणी तुम्ही माझ्या मोरीत ओतताय."

ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. माणूस आपल्याला घाबरतो तेव्हा काय वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. ती बाजूला झाली तशी मी भिंतीला लागून खाली उतरलो, कारण जिना अरुंद होता आणि तिच्या झग्याला माझा स्पर्श होऊ नये असं मलाच वाटत होतं.

मग प्राध्यापकांकडे जाण्यावाचून इलाज उरला नाही. ते भले गृहस्थ होते. मी बूट काढला, पट्टी सोडली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

"अरे वा! जिवंत! मी सारी हयात हा बरणीत पाहिला. तुम्हाला कल्पना आहे का, आपल्या मुलांना ही केवढी संधी आहे?"

"हो, सर," मी म्हटलं.

"तुमची हरकत नसेल तर उद्याच्या तासाला दाखवू या."

हरकत कशी घ्यायची, ती कोणत्या शब्दांत घ्यायची, हे मला त्या भाषेत येत नव्हतं. मराठीत तरी आलं असतं की नाही, शंकाच आहे.

व्याख्यानाचं दालन उतरत्या बाकांचं होतं. अगदी तळाशी टेबल. तिथं खुर्ची मांडून मला बसवलं. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. माझा उघडा पाय तोवर त्या देशात प्राध्यापकांखेरीज कोणी पाहिला नव्हता. बाकांवरून सगळी मुलं पुढे वाकली, आणि कुठून कसं कोण जाणे, मला बाव आठवली. वरून खाली उतरत आलेल्या पायऱ्या, आणि तळाशी मी. पाय थंड पाण्याच्या परातीत ठेवला. दुधाचा धूर पसरला. प्राध्यापकांनी त्यातला थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, आणि मुलं रांगेने येऊन डोळा लावू लागली. "कसे वळवळतात बघ!" एक म्हणाला. आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिने पाहिलं, माझ्याकडे बघून हलकेच मान लववली आणि घाईने जागेवर गेली. तिचा तो चांगुलपणा मला हसणाऱ्यांपेक्षा जास्त झोंबला.

"आता ही विहीर कशी असते ते तुम्हीच सांगा," प्राध्यापक म्हणाले.

मी सांगितलं. दगड सांगितला, पायऱ्या सांगितल्या, बायका पाण्यात उभ्या राहून हंडे भरतात ते सांगितलं. इंग्रजीत सांगताना त्या बावेतला गारवा गेला, पारवे गेले, हंडा भरतानाचं आत्याचं गुणगुणणं गेलं. उरलं ते घाण पाणी आणि त्यात उभी माणसं.

मागून कोणी विचारलं, "म्हणजे पिण्याच्या पाण्यातच पाय ठेवून उभे राहतात?"

"हो."

"आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही?"

दालनात थोडं हसू पिकलं. दुष्टपणाचं नव्हे, मुलं हसतात तसं. माझे कान तापले. मी चोरी केली नव्हती, खोटं बोललो नव्हतो. तहान लागली आणि मी पाणी प्यालो, एवढाच गुन्हा. पण लाजेला गुन्हा लागत नाही. आपल्याकडे कोण बघतंय आणि कुठून बघतंय, एवढ्यावर तिचं भागतं.

शेवटी प्राध्यापकांनी नारूचं टोक आगपेटीच्या काडीला गुंडाळलं आणि एका मुलाला म्हणाले, "सावकाश, रोज थोडासाच ओढायचा असतो. जरा फिरवून बघा." त्या मुलाला उत्साह आवरत नव्हता. त्याने काडी फिरवली. आवाज आला नाही, पण मला आत, पार पोटरीपर्यंत, कळलं.

नारू तुटला होता.

तुटलेला नारू आत आखडतो आणि सडतो. दोन दिवसांत माझा पाय मांडीपर्यंत सुजला. इस्पितळात नेलं, चिरलं, पुन्हा चिरलं. पाय काढावा लागेल असंही एकदा माझ्या डोक्यावरून बोलणं झालं. पाय वाचला, परीक्षा गेली, वर्ष गेलं, आणि चालीत एक किंचित झोल राहिला तो राहिलाच. प्राध्यापक भेटायला येत, हळहळत. मला त्यांचा राग येत नव्हता. राग येण्यासाठी मान वर करावी लागते.

अण्णांना मी सगळं खरं कळवलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: इथं लोकांना आम्ही बर्फावरून पाय घसरला असं सांगितलं आहे, तूही तेच सांग. म्हणजे माझी लाज माझ्या आधीच घरी पोचली होती. मात्र आत्याला त्यांनी खरं सांगितलं. मुद्दाम तिच्या गावी जाऊन सांगितलं. "तुमच्या बावेनं माझ्या पोराचं वर्ष खाल्लं," असं ते तिच्या ओट्यावर उभे राहून, चार माणसांच्या देखत म्हणाले. आत्याने ते ऐकून घेतलं. चार माणसांनी मात्र ते मास्तरांचं काहीतरी बोलणं म्हणून सोडून दिलं. रेवदंड्याहून कानावर आलेली बर्फाची गोष्टच त्यांना जास्त पटली.

पदवी घेऊन परत आलो तोही उन्हाळाच होता. माणगावपर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे बैलगाडी. तांबडी धूळ, भाजलेल्या राबाचा वास, रानात करवंदं. आत्या ओट्यावर उभी होती. थकली होती. तिने माझ्या गालांवरून हात फिरवला, बोटं मोडली आणि चटई टाकली. मग शहाळं आणून पुढे ठेवलं. त्या आतल्या गावात नारळ कुठले! तिने दिवेआगरच्या वाडीतून कोणाकरवी तरी मागवून घेतले होते. एक प्यालो, तिने दुसरं सोललं.

"आत्या, पाणी दे ना जरा."

"शाळं पी की. ग्वाड हाय."

"तहान पाण्याची आहे गं."

ती आत गेली आणि बाहेर येईना. मी उठून आत गेलो तर ती पाण्याच्या हंड्याशी बसली होती, पदर तोंडावर ओढून.

"काय झालं?"

"सदू, माझ्या घरात तुला पानी द्यायाची मला लाज वाटती रं." पदराआडून ती बोलली. "आई नसलेलं पोर. आनि मी त्याला त्येच पाजलं."

माझी लाज मी माझ्या पायात बांधून फिरत होतो. ती आत्याच्या हंड्यातही जाऊन बसली असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मी तिच्यापाशी बसलो आणि पहिल्यांदाच ते शास्त्र मराठीत सांगितलं. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसेल असा एक किडा असतो, नारूचं पिल्लू त्या किड्यात राहतं, दुपदरी धोतरातून पाणी गाळलं की किडा वर राहतो. आणि फोडाचा पाय पाण्यात घालू द्यायचा नाही. बस्स.

"येवढंच?" आत्याने पदर बाजूला केला. "मग इतकी वर्सं आमाला कुनी सांगितलं का न्हाय?"



दुसऱ्या दिवशी मी तिकडून आणलेला माझा सूक्ष्मदर्शक बावेच्या काठावर मांडला. गाव जमलं. लोक त्याला दुर्बीण म्हणाले. एकेक जण येऊन डोळा लावू लागला, आणि मी उत्साहाने सांगू लागलो, "हा बघा किडा, हे त्याच्या पोटातलं पिल्लू." थोड्या वेळाने माझं लक्ष लोकांकडे गेलं. बाया बघत होत्या आणि पदर सारखा करत बाजूला होत होत्या. पुरुष एकमेकांची नजर चुकवत होते. ते चेहरे मी ओळखले. मी तसाच बसलो होतो, परातीत पाय घालून.

धोंडूनाना म्हणून गावकीतले वडीलधारे होते. त्यांनी सगळ्यांत शेवटी पाहिलं आणि काठी आपटली.

"म्हंजे आमी किडं खातो, आसं म्हन्तोस?"

"तसं नाही, नाना..."

"आमच्या पणज्यानं बांधल्याली बाव हाय ही. देवाची पालखी हितं न्हाती. तू चार बुकं शिकून आलास आनि गावाला घान म्हन्तोस व्हय? उचल ती दुर्बीन."

मी उचलली. चूक शास्त्रात नव्हती, पण काहीतरी चुकलं होतं, एवढं कळत होतं.

एकटी आत्या मात्र त्या दिवसापासून पाण्यात उतरली नाही. ती वरच्या पायरीवरून दोर सोडून घागर ओढायची, आणि घरी प्रत्येक थेंब गाळायची. बाया हसायच्या. "काशी मडम झाली," म्हणायच्या. आणि पुढचा चैत्र आला तेव्हा आत्यालाच नारू झाला.

तो होणारच होता. गाळायला लागण्याआधी प्यालेलं पाणी तिच्या अंगात होतं. नारू वर्ष घेतो. हे तिला मी सांगून ठेवलं होतं, पण गावाला कोण सांगणार? निरोप मिळाला तसा मी निघालो. वाटभर माझ्या मनात एकच चित्र होतं: आत्या अंधाऱ्या माजघरात, पायावर गोधडी ओढून, तोंड लपवून पडली असेल. माझ्यामुळे.

यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत काय झालं ते इथंच सांगून टाकतो. बावेच्या खालच्या पायऱ्या गावानेच दगडांनी बुजवल्या, कठडा बांधला, रहाट बसवला. पुढाकार धोंडूनानांचा होता. पालखी आता काठावर न्हाते. नारू हळूहळू कमी झाला आणि आताशा क्वचितच कोणाला होतो. हे माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. माझी लाज गेली असंही म्हणणार नाही. मुंबईत मी अजून चारचौघांत मोजे काढत नाही. कॉलेजात हा धडा शिकवताना एखादा मुलगा विचारतो, "सर, तुम्ही प्रत्यक्ष रोगी पाहिलाय का?" तेव्हा मी "हो, पाहिलाय" म्हणतो आणि पुढच्या जंताकडे वळतो.

पण त्या दिवशी मी गावात पोचलो तर आत्या घरात नव्हती. ती बावेवर होती. सगळ्यांत वरच्या पायरीच्या तोंडाशी, भर उन्हात, लुगडं पोटरीच्या वर घेऊन, नारूचा पाय लांब करून वाट अडवून बसली होती. पायावर धोत्र्याचं पान नाही, चिंधी नाही. जखम उघडी, काडी उघडी. फोडाचा पाय घेऊन कोणी खाली जायला आलं की म्हणायची, "न्हाय. तुजी घागर मी भराया लावते, पर तू उतरायचं न्हाय." येणारे जाणारे थांबत होते. चेष्टा चालली होती.

"गाळून गाळून काय झालं, काशे? निगालाच न्हवं!"

"ह्यो गेल्या सालचा हाय," आत्या शांतपणे म्हणाली. "बघा, नीट बघा. ह्यो शेवटचा. पुढल्या चैतात याच पायरीवर बसंन, तवा ह्या पायाला काय निगालं तर माज्या तोंडावर थुंका."

"आनि ह्ये तुला सांगितलं कुनी? ह्या सायबानं?" धोंडूनानांनी माझ्याकडे काठी केली. "त्याला काय ठावं नारू? बर्फात पडून लंगडतो तो."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "सदू," ती म्हणाली, "दाखव."

मी उभा होतो. अंगात पांढरी विजार, पायात बूट. भोवती सगळं गाव. मला ते उतरत्या बाकांचं दालन आठवलं. वळून गाडीकडे चालू लागावं असं वाटलं. आत्या तशीच बसून होती, उघडा पाय लांब करून, माझी वाट बघत.

मी दगडावर बसलो. बुटाची नाडी सोडली. मोजा काढला, विजार दुमडली, आणि पाय पुढे केला.

पुरुष वाकून बघत होते, आणि मग एकेक जण नकळत आपल्याच पायाकडे बघू लागला. कोणाच्या घोट्याला, कोणाच्या पोटरीला, कोणाच्या पावलावर, सगळ्यांकडे ती खूण होती. ठकूआजी म्हणून गावातली सर्वांत म्हातारी बाई काठी टेकत पुढे आली, माझ्यासमोर धुळीत बसली आणि तो खड्डा तिने बोटाने चाचपला.

"तुटला व्हता," ती म्हणाली.

"हो, आजी."

"लई दिस पडून व्हतास?"

"बरेच."

"परक्या मुलखात." तिने मान हलवली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती माझ्या तोंडाशी आली. "जवळ कोन व्हतं रं? भात कोन भरवीत व्हतं तुला?"

इतक्या वर्षांत, इतक्या माणसांत, हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"कोणी नव्हतं," मी म्हटलं.

"आगं आई गं," मागून कुठलीशी बाई म्हणाली. धोंडूनानांनी काठी खाली ठेवली. ठकूआजीने माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि खरखरीत तळव्याने ती जागा हळूहळू चोळू लागली. मी पाय मागे घेतला नाही.